तिच्या नावाचा दिवा

माझ्या जुन्या फोनची काच एका कोपऱ्यात तडकलेली आहे. त्यात आता सिमकार्ड नाही. तो शाळेच्या लोखंडी कपाटात खडूंच्या डब्याशेजारी असतो आणि त्याचा उपयोग एकच, मुलांचे पाढे. पाढ्यांचं एक ॲप मी त्यात घालून ठेवलं आहे. ते उघडलं की मुलांची नावं एकाखाली एक येतात आणि प्रत्येक नावापुढे एक छोटी पणती दिसते. मूल रोज एक तरी डाव खेळलं तर पणती पेटलेली राहते. एक दिवस चुकला की ती विझते, करडी होते, आणि मूल कितव्याही पाढ्यावर असो, पुन्हा बेच्या पाढ्यावर येऊन बसतं. ज्यांनी हे ॲप बनवलं त्यांनी मुलांना रोजची सवय लागावी म्हणूनच असं केलं असणार. ती सवय लागतेही. त्या पणत्यांपैकी एका पणतीबद्दल मला लिहायचं आहे.

आमची शाळा आर्णी तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर आहे. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. एक आमचे मुख्याध्यापक, ज्यांना मुलं मोठे सर म्हणतात, आणि दुसरी मी. मी आर्णीला खोली घेऊन राहते आणि स्कूटीने जाऊन-येऊन करते. मी मूळची राळेगावकडची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. त्यामुळे वर्गात उभं राहून हातात खडू घेतला की आजही मला आत कुठेतरी कुणाचे तरी आभार मानावेसे वाटतात. सगळ्यात आधी वडिलांचे.

गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीपासून वडील मला सायकलवर राळेगावला सोडायचे. मी मागे कॅरिअरवर बसायची आणि ते म्हणायचे, "म्हन." म्हणजे पाढे म्हण. स्वतः त्यांना पाढे येत नव्हते. सात आठी छप्पन्न म्हटलं काय आणि चोपन्न म्हटलं काय, त्यांना ते कळायचं नाही. पण मी अडखळले की त्यांचे पाय पायडलवर थांबायचे. सायकल मंद व्हायची, रस्त्याच्या कडेच्या कपाशीचा वास यायचा, आणि ते मागे न बघता म्हणायचे, "काय झालं वो बाई? रस्ता संपला का?" मग मला आठवेपर्यंत आम्ही तसेच हळूहळू जायचो. शाळेला उशीर होईल या भीतीने मी पाढे पक्के केले. मारानं नाही केले. एवढं भाग्य प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, हे मला शिक्षिका झाल्यावर कळलं.

तांड्यावरची मुलं घरी गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, बोलतात. आपसात खेळताना, भांडतानाही तीच. माझ्याशी वऱ्हाडी बोलतात आणि पुस्तकातली मराठी वाचताना मात्र आवाज बारीक करतात. पाढे म्हणायला उभं केलं की माना खाली. चुकलं तर बाकीचे हसतील ही भीती. म्हणून मी ते ॲप आणलं. ते कुणाला हसत नव्हतं. चुकलं की एक मंद सूर वाजायचा आणि बाईचा आवाज म्हणायचा, "पुन्हा प्रयत्न कर." बरोबर आलं की मुलाचं नाव घेऊन "शाब्बास" म्हणायचा. आपलं नाव फोनमधून ऐकून मुलं पहिल्या दिवशी इतकी हरखली की मधल्या सुट्टीत खिचडी खायला कुणी उठेना.

मोठ्या सरांना ते फारसं पटलं नव्हतं. "म्याडम," ते म्हणाले, "पाढे तोंडात असावे लागतात. हे तर बोटात शिरून राह्यले."

"आधी बोटात तर शिरू द्या सर," मी म्हटलं.

"द्या शिरू. उद्या कोणी सात चोक विचारलं तर पोरं बोट पुढं करतील."

वर्गात फोन एक आणि चौथीत मुलं मोजकी. पाळीपाळीने खेळायची. रविवारी पणत्या विझू नयेत म्हणून मी शनिवारी फोन तांड्यावरच ठेवायला लागले. चौथीतल्या एका मुलीचं घर शाळेला लागून होतं. ती जबाबदार, बोलण्यात चुणचुणीत. फोन तिच्याकडे असायचा. रविवारी सगळे तिच्या ओट्यावर जमायचे आणि आपापला दिवा लावून जायचे. हो, मुलं 'दिवा लावणं' असंच म्हणायची. डाव खेळलास का, असं कुणी विचारायचं नाही. "तुया लागला का?" असं विचारायचे.

या मुलीची एक मैत्रीण होती. मला जिच्याबद्दल सांगायचं आहे ती हीच. अंगानं बारीक, समोरचा एक दात अर्धा तुटलेला, वेणीला नेहमी दोन वेगवेगळ्या रंगांच्या रिबिनी. शिकण्यात ती मागे होती असं मी म्हणणार नाही. ती हळू होती. उत्तर येत असलं तरी आधी ते मनात दोनदा उलटून-पालटून बघायची, आणि तोवर ॲपमधली वेळेची पट्टी संपून जायची. सहाच्या पाढ्यापर्यंत ती अशी धडपडत पोचली आणि सातावर अडली. रोज सातावर. बाकीचे नऊ, दहा करून पुढे गेले. तिला त्याचं वाईट वाटायचं नाही. तिला दिव्याचं वेड होतं. डाव जिंकला नाही तरी खेळल्यामुळे दिवा तर राहतो ना, एवढं तिला पुरत होतं. घरी जायच्या आधी ती मला फोन पुन्हा उघडायला लावायची.

"म्याडम, एकडाव दाखवा न."

"सकाळी तर बघितलास."

"आता पायतो न कसा दिसते ते."

आपल्या नावापुढची ज्योत बघायची आणि मग दप्तर उचलायची.

दिवाळीनंतर तांडा निम्मा रिकामा होतो. माणसं ऊसतोडीला जातात, पश्चिमेकडे, लांब. मुकादम गाडी आणतो, भांडीकुंडी, बाजा, कोंबड्या, सगळं वर चढतं. कुणाची मुलं आजी-आजोबांपाशी राहतात, कुणाची सोबत जातात. दिव्याचं वेड असलेल्या या मुलीला त्या वर्षी भाऊ झाला होता, अगदी तान्हा. तिची आई मोळ्या बांधणार तर त्याला सांभाळणार कोण? म्हणून तिला नेणार हे ठरल्यासारखंच होतं. मोठ्या सरांनी हंगामी वसतिगृहासाठी खटपट केली होती. मुलं तांड्यावरच राहावीत, त्यांच्या जेवणाची सोय व्हावी, अशी ती योजना. पण त्या वर्षी आमच्याकडे मुलं पुरेशी भरली नाहीत आणि सोय झाली नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी ती शाळेत आली ती डाव खेळण्यापुरतीच. खेळून झाल्यावर तिने मला विचारलं, "म्याडम, मी गेली तर माया दिवा इझते का?"

तिच्या वडिलांकडे बटणांचा फोन होता. त्यात ॲप चालणार नव्हतं. खोटं सांगावंसं वाटलं, पण ती मुलगी मला दुसऱ्या दिवशी दिसणार नव्हती. खोट्याची भरपाई करायला मी कुठे गेले असते? मी म्हटलं, "हो. विझेल."

तिची मैत्रीण मधेच म्हणाली, "इझते काहून? आमी हावो न. आमी लावतो तुया."

"रोज?"

"रोज."

"आइतवारी?"

"आइतवारी बी. तू होळीले येते न? तवरोक लावतो."

मागून एक मुलगा म्हणाला, "सोमवारी मी." दुसऱ्यानं मंगळवार घेतला. माझ्यासमोर त्यांनी आठवडा वाटून घेतला. मला ते इतकं चांगलं वाटलं की मी फळ्याकडे तोंड करून उगाच तारीख पुसली आणि पुन्हा लिहिली.

गाडी गेली. मुलांनी शब्द पाळला. आपापला डाव झाला की ज्याची पाळी असेल तो तिच्या नावावर बोट ठेवायचा. फोन तिचं नाव घेऊन "शाब्बास" म्हणायचा, आणि तिची जागा रिकामी असलेल्या वर्गात ते नाव रोज एकदा तरी ऐकू यायचं. हजेरीत मी तिचं नाव घेतलं की सगळे गप्प. फोनने घेतलं की हसू.

थंडी पडली त्या सुमाराची गोष्ट. एका सोमवारी सकाळी त्या मुलीची दादी, म्हणजे वडिलांची आई, काठी आपटत शाळेत आली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. दाराची चौकट हातानं चाचपून ती आत आली आणि जिथून माझा आवाज आला तिकडे तोंड करून म्हणाली, "कोन लावते वं माया पोरीच्या नावानं दिवा?"

मी खडू ठेवून पुढे झाले.

"दादी, बसा आधी."

"बसाले नाई आली मी. काल यायनं माया दारात येऊन सांगतलं, दादी, तिच्या नावाचा दिवा लावला. जित्या मानसाच्या नावानं दिवा लावते का कोनी? मेली का ते? सांगा मले, काई कानावर आलं का तुमच्या?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. माणूस गेल्यावर त्या जागी दिवा ठेवतात, तो विझू देत नाहीत. मुलं रविवारी मोठ्या आनंदाने तिला सांगायला गेली होती, आणि म्हातारी रात्रभर जागी होती. मी तिला बाकावर बसवलं. फोन तिच्या हातात दिला. हा खेळ आहे, पाढ्यांचा, तिची जागा राखून ठेवण्यासाठी मुलं खेळतात, असं समजावून सांगितलं. तिने फोन डोळ्यांना लावला. काही दिसलं नसणार. अंगठ्यानं काचेवर चाचपडत म्हणाली, "गरम नाई लागत."

"खरा दिवा नाही दादी."

"मंग इझवा."

शेजारची ती मैत्रीण एकदम रडकुंडीला आली. "दादी, इझवला तर थे बेवर जाते ना! सातावर होती थे. आली का मले मारन."

हे 'मारन' ऐकून म्हातारीचा चेहरा जरा सैल झाला. नात मारकुटी होती हे खरंच होतं. थोडा वेळ ती काठीवर हनुवटी टेकून बसली. मग फोन माझ्याकडे देत म्हणाली, "जितीच्या नावाचा हाये म्हनता न तुमी? मंग ऱ्हाऊ द्या. लावलाच हाये तर मंग इझू देजा नोका."

त्यानंतर दर सोमवारी ती शाळेच्या ओट्यापर्यंत यायची आणि बाहेरूनच विचारायची, "लागून हाये का?" आतून सगळा वर्ग ओरडायचा, "हाये!" मग काठी परत फिरायची. एवढ्यासाठी येऊ नका, मुलं निरोप देतील, असं मी सांगून पाहिलं. तिनं ऐकलं नाही. तिच्याशी बोलताना मला हळूहळू जाणवत गेलं की खेळाचं मी सांगितलेलं तिने अर्धंच ऐकलं होतं. नात कुठे आहे, कशी आहे, हे तिला कुणी सांगत नव्हतं. फोन कधीतरी यायचा, दोन वाक्यांत संपायचा. हा एक दिवाच काय तो होता.

संक्रांतीच्या आसपास असा एक फोन आला तेव्हा ती मैत्रीण धावत गेली आणि म्हातारीच्या कानाजवळच्या फोनमध्ये ओरडली, "वो! तुया दिवा लागून हाये!" पलीकडून काय उत्तर आलं, मी विचारलं. ती म्हणाली, "हाव का, म्हने. अन् मंग पोरगं रडाले लागलं, तर गेली."

खेळ पुढेच जातो हे मी पाहत होते. उत्तरं बरोबर आली की ॲप पुढचा पाढा देतं, आणि तिच्या नावावर खेळणारी मुलं आता पक्की झाली होती. साताचा पाढा तिच्या नावावर पहिल्याच आठवड्यात पार झाला. मग आठ, नऊ, दहा, अकरा. मोठे सर एकदा फोनमध्ये डोकावून म्हणाले, "वा! ही पोरगी ऊस तोडता तोडता बाराचा पाढा शिकली की. आपल्यापेक्षा मुकादम बरा शिकवते, म्याडम." आम्ही दोघे हसलो. हसताना मला थोडं टोचलं, पण कशामुळे ते तेव्हा मी नीट पाहिलं नाही. मुलांची तिच्यावरची माया बघण्यात मी गुंतले होते.

होळीला तांडा पुन्हा भरतो. वर्षभरात जन्मलेल्या मुलाचा होळीला धुंड नावाचा विधी करतात. त्यासाठी माणसं कुठूनही परत येतात, मग आठवडाभराने उरलेल्या हंगामासाठी पुन्हा जातात. तिच्या भावाचा धुंड होता म्हणून तेही आले. लेंगी, म्हणजे होळीची गाणी, गाणाऱ्या बायांचा आवाज संध्याकाळी शाळेपर्यंत येत होता.

धुळवडीची सुट्टी संपली त्या दिवशी ती वर्गात आली. भाऊ कडेवर होता. तो आता मान धरत होता, तिच्या रिबिनीचं टोक तोंडात घालून चोखत होता. तिचा रंग रापला होता, बोटांवर बारीक चिरा पडल्या होत्या. दात तसाच अर्धा. मुलांनी तिला बसूही दिलं नाही.

"पाय, पाय! लागून हाये का नाई?"

"एकबी दिस चुकला नाई. ताप होता मले तरी लावला."

"खोटं सांगते. त्या दिवशी म्या लावला."

तिने फोन हातात घेतला. ज्योत हलत होती. तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं जे मी दिवाळीपासून पाहिलं नव्हतं. तिने नावावर बोट ठेवलं. फोनमधली बाई तिचं नाव घेऊन म्हणाली, शाब्बास, आता चौदाचा पाढा.

काचेवर आलं, १४ × ६. खाली चार उत्तरं. वेळेची पट्टी सरकू लागली.

ती बघत राहिली. तिच्या ओठांची हालचाल मी पाहिली. ती साताचा पाढा आठवत होती. पट्टी संपली. मंद सूर वाजला. पुन्हा प्रयत्न कर.

"चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी," मागून दोघे कुजबुजले. "थ्या खालच्यावर दाब."

तिने दाबलं. टिंग वाजलं. पुढचा प्रश्न आला. मागून पुन्हा कुणी उत्तर सांगितलं, तिने पुन्हा दाबलं. पुन्हा टिंग. मग तिने फोन बाकावर ठेवला, भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

मैत्रीण तिच्यामागे गेली. "काहून रुसली? लावला न आमी."

"मी साताले होती."

"मंग? पुढं नेलं तुले. पुकट."

"मले नाई नेलं," ती म्हणाली. "मी साताले होती."

मी दारात उभी होते. कुणीही वाईट केलं नव्हतं. मुलांनी एवढे महिने तिची जागा धरून ठेवली होती, आणि त्या जागेवर आता ती स्वतः बसू शकत नव्हती.

मी तिला म्हटलं, "असं करू, तुझं नाव पुन्हा नव्याने टाकू. हे जुनं पुसून टाकते मी."

तिने झटक्यात मान हलवली. "पुसू नोका." मग मैत्रिणीकडे बघून हळू म्हणाली, "यायनं एवढा लावला."

बराच वेळ ती भावाच्या तोंडातून रिबीन सोडवत बसली. मग म्हणाली, "म्याडम, उद्या कोनी लावू नोका. इझू द्या. इझला का बेपासून येते न?"

"येतं."

"मंग इझू द्या."

मैत्रीण आता खरंच रडू लागली. "आमी रोज लावला अन् तू इझवते!"

"मले ठावं हाये तू लावला," ती म्हणाली. "रडू नोको ना. मले बी रडू यीन. याले बी."

दुसऱ्या दिवशी तिच्या नावाला कुणी हात लावला नाही. वर्गात दिवसभर एक अवघडलेपण होतं, घरात कुणी आजारी असल्यासारखं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी फोन उघडला. सगळ्या पणत्या पेटलेल्या आणि तिच्यापुढची करडी. तिने ती पाहिली, मान डोलावली, आणि भावाला मांडीवर आडवं घेऊन बेच्या पाढ्यापासून सुरुवात केली. या वेळी ती प्रत्येक उत्तर दाबायच्या आधी मोठ्यानं म्हणत होती. बे त्रिक सहा. बे चोक आठ. बोलायचे या खेळात गुण नव्हते, पण ती म्हणत होती, आणि म्हणताना मांडी हलवत होती, त्या तालावर भाऊ झोपला. ती अडखळली की मांडी थांबायची. मला वडिलांची सायकल आठवली. दुपारपर्यंत ती तीनावर आली आणि पणती पुन्हा पिवळी झाली.

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. तिची आई बाहेर चुलीपाशी भाकरी थापत होती. मुलं तिला याडी म्हणतात. मी म्हटलं, "हिला ठेवून जा. दोनच महिने राहिले. दादी आहे, मी रोज येते आहे. पाचवीत जायचं आहे तिला."

आईने तव्यावरची भाकरी उलटवली. "म्हातारीले दिसत नाई, म्याडम. पोरीनंच म्हातारीले पाहावं लागन. अन् याले कोन धरन? उसात खाली ठेवाले भेव लागते."

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या साली ठेवतो न. हा चालाले लागला का ठेवतो." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मले बी वाटते का शिकावं तिनं. तुमच्यासारखं गाडीवर फिरावं."

मुलगी दाराआड उभी राहून ऐकत होती. तिने आईकडेही पाहिलं नाही आणि माझ्याकडेही. मला त्या क्षणी माझं शिक्षण, माझी नोकरी, बाहेर उभी असलेली स्कूटी, सगळंच कुणाचं तरी उसनं आणल्यासारखं वाटलं. माझ्या वडिलांना मी घरी एखादं तान्हं मूल सांभाळायला हवी असते तर? हा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता.

गाडी दोन दिवसांनी आली. तोवर ती पाचाच्या पाढ्यापर्यंत पोचली होती. सगळ्या तांड्यादेखत मैत्रिणीला तिने बजावलं, "आता लावू नोको. कोनीच लावजा नोका. मी आली का मीच लावीन."

"मंग बेपासून करा लागन."

"करीन न."

तिच्या सांगण्याप्रमाणे कुणी लावली नाही. पणती करडी झाली, आणि तशीच राहिली.

उन्हाळ्यात बाकीच्या टोळ्या परतल्या. तिची परतली नाही. ऊस संपल्यावर मुकादमाने त्या लोकांना तिकडेच वीटभट्टीवर नेलं, असं कळलं. जूनच्या शेवटी शाळा उघडली तेव्हा तांड्याभोवतीच्या शेतांत कपाशी लावून झाली होती. चौथीची मुलं आता पाचवीत, रस्त्यावरच्या गावात चालत जातात. जाता-येता ती मैत्रीण शाळेत डोकावते. न परतलेल्या त्या मुलीचा दाखला मोठ्या सरांनी लिहून ठेवला आहे. न्यायला कुणी आलेलं नाही. तिसरीतून चौथीत आलेल्या मुलांची नावं मी ॲपमध्ये घातली, जुनी एकेक काढली. तिचं काढलं नाही. नवी मुलं विचारतात, "म्याडम, हे कोनाचं? याले लावू का?" मी नाही म्हणते.

सरांनी एकदा विचारलं, "तिच्या बापाचा फोन लागते का?" मी करून बघत असते. बंद असतो.

काल सोमवार होता. काठीचा आवाज ओट्यापाशी येऊन थांबला. पूर्वी आतून सगळा वर्ग ओरडायचा. या मुलांना काय ओरडायचं ते माहीत नाही. मी बाहेर गेले.

"लागला का?" म्हातारीने विचारलं.

"नाही दादी. ती आल्यावर तीच लावणार आहे. तिनेच सांगितलं होतं ना."

"हाव. सांगतलं होतं." ती काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिली. मग म्हणाली, "इझला तर इझला. पर नाव हाये न त्याच्यात?"

मी आत जाऊन कपाट उघडलं. फोन आणून तिच्या हातात दिला, तिचं बोट धरून काचेवर त्या नावापाशी नेलं.

"हे इथे आहे," मी म्हटलं.

तिने बोट तिथेच ठेवलं. वर्गातून मुलं वाकून बघत होती. तिच्या बोटाखाली खेळ उघडला गेला आणि फोनमधल्या बाईने नातीचं नाव घेऊन विचारलं, पुन्हा सुरुवात करायची का?

म्हातारी एकदम दचकली. मग तिने फोन कानाला लावला आणि आणखी काही ऐकू येतं का म्हणून वाट पाहत तशीच उभी राहिली.